घरी बांधलेलं विमान, मांजरपाटाचे पंख आणि फोटोग्राफीच्या रसायनांचा लेप: लिलियन ब्लँडची गोष्ट

विमान म्हटलं की आज डोळ्यांसमोर धातूचा चकचकीत पत्रा येतो. १९१० च्या आसपासचं विमान मात्र लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, ताण दिलेल्या तारा आणि वरून चढवलेलं कापड एवढ्यावरच उभं राहायचं. सुतारकामाची जाण असलेला माणूस चिकाटीने सांगाडा उभा करू शकत होता. इंजिन पैसे मोजून मिळत होतं. खरी पंचाईत व्हायची ती कापडाची.

साधं सुती कापड सच्छिद्र असतं. पंखाखालची हवा त्यातून आरपार निसटते आणि पंख वर उचलला जाण्याचा जोर कमी होतो. पाऊस किंवा दव पडलं की कापड पाणी पितं, जड होतं, त्याचा ताण बदलतो आणि पंखाचा आकार बिघडतो. म्हणून कापडावर काहीतरी लेप द्यावाच लागतो. विमानाचं रंगकाम म्हणजे नुसती शोभा नाही. विमान उडणार की नाही, हे काही प्रमाणात त्या हातावर अवलंबून असतं.

आयर्लंडमधल्या लिलियन ब्लँड या महिलेने हा प्रश्न आपल्या घरीच सोडवला. ती इंजिनिअर नव्हती, ती होती प्रेस फोटोग्राफर. आणि पंखांना द्यायचा लेप तिला सापडला तो फोटोग्राफीच्याच रसायनांत. स्वतः आराखडा आखून, स्वतः बांधून, स्वतः विमान उडवणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये तिचं नाव घेतलं जातं.

ब्रीचेस घालणारी, सिगारेट ओढणारी बातमीदार

लिलियन एमिली ब्लँडचा जन्म २८ सप्टेंबर १८७८ रोजी इंग्लंडमधल्या केंट परगण्यात झाला. वडील जॉन हम्फ्री ब्लँड चित्रकार होते. घराणं मूळचं उत्तर आयर्लंडकडचं. १९०० च्या सुमारास लिलियन वडिलांसोबत बेलफास्टजवळच्या कार्नमनी गावी, टोबरकोरन हाऊस या घरात राहायला आली. हे घर तिच्या विधवा आत्याचं, सारा स्माइथ यांचं. आत्याचे यजमान जनरल स्माइथ हयात नव्हते, पण त्यांची कार्यशाळा घरात जशीच्या तशी होती. या कार्यशाळेला पुढे फार महत्त्व येणार होतं.

त्या काळच्या चांगल्या घरातल्या मुलीने कसं वागावं याचे नियम पक्के होते आणि लिलियनने त्यातले बहुतेक मोडले होते. ती ब्रीचेस घालायची, सिगारेट ओढायची. स्त्रियांनी घोड्यावर दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसायची पद्धत असताना ती पुरुषांसारखी मांड ठोकून बसायची. शिकार, मासेमारी, जुजुत्सू यांची तिला आवड होती आणि मोटारीच्या इंजिनात हात काळे करायलाही ती मागेपुढे पाहत नसे. लंडनच्या वृत्तपत्रांसाठी ती खेळांच्या बातम्या लिहायची आणि फोटो काढायची.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे रसायनांशी रोजचा व्यवहार. काचेच्या प्लेटा, डेव्हलपर, फिक्सर, जिलेटिनचा थर, अंधारी खोली. हे सगळं तिच्या हाताखालचं होतं.

समुद्रपक्षी आणि पॅरिसहून आलेलं पोस्टकार्ड

१९०८ मध्ये ती स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पक्ष्यांचे फोटो काढायला गेली होती. तिथे ती तासन् तास समुद्रपक्ष्यांचं उडणं न्याहाळायची. पंख न हलवता वाऱ्यावर तरंगणारे पक्षी पाहून आपणही असं उडावं, हे तिच्या मनाने घेतलं.

२५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओ या फ्रेंच वैमानिकाने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली आणि युरोपभर विमानांचं वेड पसरलं. त्याच उन्हाळ्यात लिलियनच्या काकांनी तिला पॅरिसहून एक पोस्टकार्ड धाडलं. त्यावर ब्लेरिओच्या विमानाचं चित्र होतं आणि सोबत त्याची मापंही दिली होती. दुसऱ्या कुणी ते कार्ड जपून ठेवलं असतं. लिलियनच्या डोक्यात मात्र बांधकामाचा हिशेब सुरू झाला.

ऑक्टोबर १९०९ मध्ये इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलला विमानांचा मेळावा भरला. लिलियन तिथे पोचली. विमानं उडताना पाहण्यापेक्षा ती जमिनीवर उभी असताना पाहण्यात तिला जास्त रस होता. पंख किती लांब, पट्ट्या कुठे जोडल्या, तारा कशा ताणल्या, याची टिपणं घेऊन ती घरी परतली.

तोवर आयर्लंडमध्ये एकही विमान उडालं नव्हतं. तो मान त्याच वर्षी ३१ डिसेंबरला हॅरी फर्ग्युसन या तरुण मेकॅनिकने मिळवला. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना हे आडनाव वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या नावातला फर्ग्युसन तो हाच.

आधी पतंग, मग ग्लायडर

लिलियनने एकदम मोठं विमान बांधायला घेतलं नाही. आधी तिने सहा फूट पंखांचा दोन मजली पंखांच्या विमानाचा नमुना बनवला आणि पतंगासारखा दोरीवर उडवून पाहिला. तो नीट उडाला. मग १९०९-१० च्या हिवाळ्यात जनरल स्माइथ यांच्या कार्यशाळेत पूर्ण आकाराचं ग्लायडर, म्हणजे इंजिनाशिवाय उडणारं यान, आकार घेऊ लागलं.

त्याच्या पंखांचा विस्तार २७ फूट ७ इंच होता. स्प्रूस, अ‍ॅश आणि एल्म या झाडांचं लाकूड आणि जोडीला बांबू वापरला होता. हलकं पण चिवट, असाच माल तिने निवडला. मदतीला होता जो ब्लेन, आत्याच्या बागेत काम करणारा पोरगा. दोघांनी मिळून सांगाडा उभा केला.

विमानाला तिने नाव दिलं मेफ्लाय. मेफ्लाय हा पाण्याकाठचा एक अल्पायुषी किडा. पण इंग्रजीत याच शब्दाची फोड केली की कदाचित उडेल, असा अर्थ निघतो. उडेल किंवा उडणारही नाही, ही थट्टा तिने स्वतःच नावातच करून ठेवली होती.

पंखांवर कोरं मांजरपाट

आता पाळी कापडाची. लिलियनने पंखांसाठी घेतलं ब्लीच न केलेलं कॅलिको, आपल्याकडच्या भाषेत कोरं मांजरपाट. कॅलिको हे नावच मुळात आपल्या कालिकतवरून, म्हणजे आजच्या कोळिकोडवरून पडलेलं आहे. कापड स्वस्त होतं, गावातल्या दुकानात मिळण्यासारखं होतं आणि चांगलं ताणता येत होतं. दोष एकच, ते पाणी आणि हवा दोन्ही आरपार जाऊ देत होतं. आणि आयर्लंडमध्ये पाऊस कधी येईल याचा नेम नसतो.

इतर लोक काय करत होते? राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानावर साधं मलमल होतं, त्यावर कसलाही लेप नव्हता. मात्र त्यांनी कापड तिरकं कापून पट्ट्यांवर घट्ट बसवलं होतं आणि त्यांचं उड्डाणाचं ठिकाण वाळूचा किनारा होता. इंग्लंडमध्ये एलिअट व्हर्डन रो या उद्योगी माणसाने १९०९ मध्ये आपल्या तीन मजली विमानाच्या पंखांना चक्क तेल पाजलेला कागद लावला होता. प्रत्येक जण आपापल्या परीने वाट शोधत होता. विमानासाठी खास बनवलेला लेप दुकानातून आणावा, अशी सोय नुकतीच कुठे सुरू होत होती.

लिलियनने जिलेटिन आणि फॉर्मॅलिन यांचं मिश्रण घरीच तयार केलं आणि ते कापडाला दिलं.

हे दोन पदार्थ तिला सुचले, यामागे तिची फोटोग्राफी होती. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढलेलं प्रथिन. सुताराच्या भांड्यातला सरस हा त्याचाच कमी शुद्ध भाऊ. गरम पाण्यात जिलेटिन विरघळतं, कापडाच्या धाग्यांत शिरतं आणि वाळलं की छिद्रं बुजवून टाकतं. हवा अडवण्याचं काम झालं. पण नुसतं जिलेटिन लावलं तर ओल लागताच ते फुगतं, चिकट होतं. पावसात पंखावरून सरस ओघळला असता.

इथे कामाला येतं फॉर्मॅलिन. शाळा-कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरण्यांमध्ये बेडूक आणि मासे ज्या द्रवात ठेवलेले असतात, तेच हे फॉर्मॅलिन. पाण्यात विरघळवलेला फॉर्मल्डिहाइड वायू. तो जिलेटिनच्या लांब रेणूंना एकमेकांशी जोडून त्यांचं जाळं बनवतो. एकदा हे जाळं तयार झालं की जिलेटिन पाण्यात विरघळत नाही. त्या काळचे फोटोग्राफर हेच करायचे. प्लेटवरचा जिलेटिनचा थर धुताना निघून जाऊ नये म्हणून तो फॉर्मॅलिनने कडक करून घ्यायचे. लिलियनने अंधाऱ्या खोलीतली ही युक्ती उचलून पंखांवर वापरली.

आज कुणी हा प्रयोग घरी करू नये. फॉर्मॅलिनच्या वाफेने डोळे आणि घसा भाजल्यासारखे होतात आणि फॉर्मल्डिहाइड कर्करोगाला कारण ठरू शकतं, हे आता सिद्ध झालेलं आहे. १९१० मध्ये मात्र ती फोटोग्राफरच्या कपाटातली नेहमीची बाटली होती.

चार पोलीस आणि एक माळ्याचा पोरगा

ग्लायडर तयार झालं तसं ते कार्नमनीच्या टेकडीवर नेण्यात आलं. वाऱ्यावर ते उचललं जातं, हे दिसलं. पुढचा प्रश्न होता इंजिनाचा. इंजिनाचं वजन हे पंख पेलतील का?

तराजू आणि गणित यांच्यापेक्षा लिलियनने सोपा उपाय शोधला. तिने रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीचे चार धिप्पाड पोलीस आणि जो ब्लेन अशा पाच जणांना ग्लायडर धरून ठेवायला लावलं. वाऱ्याचा झोत आला आणि ग्लायडर पाचही जणांना घेऊन जमिनीवरून उठलं. पोलिसांनी घाबरून हात सोडले. जो मात्र लटकून राहिला आणि त्याने ग्लायडर ताब्यात आणलं. पाच माणसं उचलणारे पंख इंजिनही उचलतील, हे लिलियनला कळून चुकलं.

तिने इंजिन मागवलं ते त्याच रो यांच्याकडून, कागदी पंखांचं विमान उडवणाऱ्या. २० अश्वशक्तीचं, १०० पौंड किमतीचं. ते वेळेवर तयार झालं नाही, तेव्हा जुलै १९१० मध्ये ती स्वतः मँचेस्टरला गेली आणि इंजिन घेऊन बोटीने आयर्लंडला परतली.

इंजिन आलं, पण पेट्रोलची टाकी आली नव्हती. थांबेल ती लिलियन कसली. तिने व्हिस्कीची रिकामी बाटली घेतली आणि कमी ऐकू येणाऱ्या आत्याचा कानाला लावायचा कर्णा नळीसारखा वापरून इंजिनाला पेट्रोल पाजलं. इंजिन धडधडत सुरू झालं. त्याच्या हादऱ्यांनी नट ढिले होऊन पडू लागले, तारा तुटू लागल्या. तिने एकेक जोड पुन्हा पक्का केला. विमान वळवण्यासाठी सायकलचं हँडल बसवलं होतं.

ओल्या गवतावरची चाकांची खूण

कार्नमनीची जागा उड्डाणाला अपुरी होती. रँडल्सटाउनला लॉर्ड ओनील यांचं ८०० एकरांचं कुरण होतं, ते त्यांनी वापरायला दिलं. त्या कुरणात एक मोकाट वळूही होता. तो अंगावर आलाच तर उडण्यावाचून गत्यंतर राहणार नाही, अशी लिलियनची थट्टा असे.

मग सुरू झाली वाट पाहणं. पाऊस आणि वारा थांबायचं नाव घेईनात. पाच आठवडे असेच गेले. उघड्यावरच्या कापडी विमानाला हे पाच आठवडे सोसायचे होते, हे लक्षात घेतलं की त्या घरगुती लेपाचं मोल कळतं.

अखेर ऑगस्ट १९१० च्या शेवटी वारा पडला. जोने पंखा फिरवला, इंजिन पेटलं, मेफ्लाय गवतावरून धावू लागलं आणि अलगद वर उठलं. उड्डाण इतकं लहान होतं की लिलियनचा स्वतःवरच विश्वास बसेना. खाली उतरताच ती धावत मागे गेली आणि चाकांच्या खुणा पाहू लागली. ओल्या गवतावर चाकांच्या रेघा एका जागी थांबल्या होत्या आणि पुढे काही अंतरावर पुन्हा सुरू झाल्या होत्या. मधल्या कोऱ्या गवतावर विमान हवेत होतं. याहून पक्का पुरावा नव्हता.

पुढच्या दिवसांत तिने आणखी उड्डाणं केली. सर्वांत लांब उड्डाण पाव मैलाच्या, म्हणजे ४०० मीटरच्या आसपास गेलं. आजच्या हिशेबाने हे काहीच नाही. पण आयर्लंडमध्ये उडालेलं हे इंजिनावर चालणारं पहिलं दोन मजली पंखांचं विमान मानलं जातं. त्याचा एकूण खर्च २०० पौंडांच्या आत होता. डिसेंबर १९१० मध्ये फ्लाइट या साप्ताहिकात तिने या सगळ्याचा तपशीलवार वृत्तांत लिहिला. मागणी आली तर इंजिनाशिवाय विमान २५० पौंडांत आणि ग्लायडर ८० पौंडांत बांधून देण्याची तयारीही तिने दाखवली.

उडणं थांबलं ते का?

मेफ्लाय आणखी मोठ्या उड्या मारू शकणार नाही, हे लिलियनला दिसत होतं. इंजिन लहान होतं, सांगाडा नाजूक होता. याहून दणकट विमान बांधायचं तर पैसा हवा होता. आणि वडिलांना हा उद्योग मुळीच मान्य नव्हता. मुलगी एक दिवस जीव गमावून बसेल, ही धास्ती त्यांना होती. त्यांनी सौदा पुढे केला: उडणं सोड, मोटार घेऊन देतो.

लिलियनने सौदा मान्य केला. यात हार होती की हिशेब, हे ठरवणं सोपं नाही. स्त्रीला विमान बांधता येणार नाही असं म्हणणाऱ्यांना तिने खोटं पाडलं होतं आणि याचं समाधान तिला आयुष्यभर राहिलं. वडिलांनी फोर्ड मॉडेल टी घेतली. घरी येईपर्यंत ती ती चालवायला शिकलीही. पुढे तिने बेलफास्टमध्ये फोर्डची एजन्सीही चालवली. मेफ्लायचं इंजिन विकलं गेलं आणि सांगाडा डब्लिनमधल्या मुलांच्या ग्लायडिंग क्लबला देऊन टाकला.

ऑक्टोबर १९११ मध्ये तिने ब्लँड घराण्यातल्याच चार्ल्स लॉफ्टस ब्लँडशी लग्न केलं. तो कॅनडात जंगलतोडीच्या धंद्यात होता. पुढच्या वर्षी ती व्हँकुव्हर बेटावरच्या क्वाट्सिनो साउंड या आडजागी गेली. झाडं तोडून जमीन मोकळी करायची, घर उभं करायचं, शेती करायची, असं हे जगणं. १९१३ मध्ये तिला पॅट्रिशिया ही मुलगी झाली. १९२९ मध्ये, अवघ्या सोळाव्या वर्षी, धनुर्वाताने ती गेली. एकुलती एक मुलगी होती ती.

१९३५ मध्ये लिलियन इंग्लंडला परतली. केंटमध्ये माळीकाम करून तिने पोट भरलं आणि मजुरीचे पैसे शेअर बाजारात लावून निवृत्तीपुरती पुंजीही जमवली. शेवटची वर्षं तिने कॉर्नवॉलमधल्या सेनन गावी काढली. बाग, चित्रकला आणि थोडा जुगार, हे तिचे तिथले छंद. ११ मे १९७१ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी तिचं निधन झालं. तोवर माणूस चंद्रावर जाऊन आला होता.

लिलियननंतर विमानाच्या रंगकामाचं काय झालं?

जिलेटिन आणि फॉर्मॅलिनची जागा लवकरच डोप नावाच्या लेपाने घेतली. हा सेल्युलोजपासून बनतो. त्याचं वैशिष्ट्य असं की वाळताना तो आकसतो आणि कापड ढोलकीच्या पानासारखं ताणून धरतो. पण त्याचीही किंमत मोजावी लागली. नायट्रेट डोप भराभर पेट घेतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात एका प्रकारच्या डोपमध्ये टेट्राक्लोरोइथेन हे द्रावण वापरलं जायचं. त्याच्या वाफांमुळे ब्रिटनमधल्या विमान कारखान्यांतल्या कामगारांना विषारी कावीळ झाली आणि काही जणांचा जीव गेला. शेवटी ते द्रावण वापरणं बंद करावं लागलं.

आज घरी विमान बांधणारे हौशी लोक सुती कापडाऐवजी पॉलिएस्टर वापरतात. ते इस्त्रीच्या उष्णतेने ताणलं जातं. त्यावर आधी छिद्रं बुजवणारे थर, मग उन्हाच्या अतिनील किरणांपासून वाचवणारा थर, बहुधा अ‍ॅल्युमिनियमची भुकटी घातलेला चंदेरी, आणि सगळ्यात शेवटी रंग, असा क्रम असतो. चंदेरी थर नीट बसला नाही तर रंग कितीही सुंदर असला तरी आतलं कापड उन्हाने कुजतं.

दुसरी अडचण वजनाची. रंगाचा प्रत्येक जादा हात म्हणजे विमानाच्या अंगावर कायमचं ओझं. शेपटीकडे आणि पंखांच्या कडेला असलेल्या हलत्या भागांवर तर रंगाचा थर वाढला की त्यांचा तोल बदलतो. वेगात ते थरथरू लागले तर विमान हवेत तुटू शकतं. म्हणून रंगकाम झाल्यावर हे भाग पुन्हा तोलून पाहावे लागतात. हौसेने सुरू केलेलं रंगकाम शेवटी काटेकोर हिशेबावरच येऊन थांबतं.

१९९७ मध्ये टोबरकोरन हाऊसवर लिलियनच्या स्मरणार्थ निळी पाटी लावली गेली. पुढे जवळच्या ग्लेनगॉर्मली गावात तिच्या नावाचं उद्यान झालं. तिथे मेफ्लायची पोलादी प्रतिकृती उभी आहे. पाऊस अजूनही तसाच पडतो, पण पोलादाला लेपाची फारशी गरज लागत नाही.